डाव्या टाचेइतकं फ्रेंच

विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमधला पहिला छापखाना १४७६ साली वेस्टमिन्स्टरला काढला. पुढे १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने अंड्यांची एक हकिगत लिहून ठेवली आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने नेदरलँड्समधल्या झीलंडकडे निघाले होते. वारा पडला, गलबत हलेना, म्हणून ते किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातला शेफील्ड नावाचा एक कापडाचा व्यापारी एका घरी गेला आणि त्याने खायला काही मागितलं, खास करून अंडी. त्याचा शब्द होता 'एगेस'. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. शेफील्डला राग आला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. तो इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसऱ्या कुणीतरी 'आयरेन' मागितली, तेव्हा बाईला उमगलं.

एगेस हा उत्तरेकडचा शब्द, डेन्मार्क-नॉर्वेच्या लोकांनी आणलेला. आयरेन दक्षिणेचा, आधीपासूनचा. देश एक, भाषा एक, आणि माणूस उपाशी उभा. कॅक्स्टन पुढे विचारतो, या दिवसांत माणसाने लिहावं तरी काय, एगेस की आयरेन? तो मुद्रक होता, त्याला काहीतरी एक जुळवावंच लागणार होतं. त्याच्या प्रश्नातली तळमळ मला फार जवळची वाटते.

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या मुलांना इंग्रजी भेटते ती पूर्ण तयार होऊन आलेली: नियमांचं पुस्तक, शब्दकोश, शुद्धलेखनाच्या लाल खुणा. ही भाषा पहिल्यापासून अशीच ऐटीत उभी होती असं त्यांना वाटतं, आणि त्यांच्या आईवडिलांनाही. तिच्यावर आलेले दिवस त्यांना कुणी सांगितलेले नसतात. मला ते सांगावेसे वाटतात, कारण त्यातले बरेच दिवस आपल्या ओळखीचे आहेत.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन लोक ब्रिटनमधून गेले आणि नंतरच्या काळात आजच्या उत्तर जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या आल्या. त्यांच्या बोलींतून जी इंग्रजी झाली, ती आजच्या इंग्रजी शिक्षकाला वाचता येणार नाही. व्याकरणाच्या अंगाने ती मराठी माणसाला अधिक ओळखीची वाटेल. तिला तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बाई या अर्थाचा 'वीफ' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी, आपल्या 'मूल'सारखा. नामांना विभक्त्या होत्या. दगड म्हणजे 'स्तान', दगडाचा म्हणजे 'स्तानेस', दगडांना 'स्तानुम'. शब्द वाक्यात पुढेमागे झाले तरी अर्थ बिघडत नसे, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे शेवटचा प्रत्यय सांगायचा.

हे सगळं गेलं कुठे? विद्वान त्याची बरीच कारणं देतात. एक कारण उच्चाराचं: पहिल्या अक्षरावर जोर देणाऱ्या भाषेत शेवटची अक्षरं झिजतात. दुसरं कारण मला जास्त मोहवतं. ७९३ साली ईशान्य इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांची, म्हणजे त्याच डेन्मार्क-नॉर्वेच्या दर्यावर्दी लोकांची, धाड पडली आणि पुढच्या शतकात ते लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये घरंदारं करून राहिले. त्यांची भाषा इंग्रजीच्या नात्यातली होती. शब्दांचं मूळ सारखं, शेपूट वेगळं. गाय विकणारा आणि विकत घेणारा एकमेकांचं बोलणं ओळखत होते, पण प्रत्ययांपाशी अडत होते. अशा वेळी माणूस शेपूट गिळून बोलतो. बाजारात, शेताच्या बांधावर, सोयरिकीत पिढ्यान्‌पिढ्या असं बोलणं झालं आणि उत्तरेकडे प्रत्यय आधी ढासळले. त्या शेजाराची खूण आजही रोज तोंडात येते. 'दे', 'देअर', 'देम' ही इंग्रजी सर्वनामं व्हायकिंगांकडून आली आहेत. नामं आणि क्रियापदं सगळेच उसनी घेतात. मराठीनेही फारसीकडून ढिगाने शब्द घेतले, पण 'ते' आणि 'त्यांना' आपले स्वतःचेच ठेवले. इंग्रजीने तेही घेतलं. इतकं जवळचं राहणं होतं ते.

त्याच लिंडिसफार्नला सातशेच्या सुमारास लॅटिन शुभवर्तमानांचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांचं, एक देखणं हस्तलिखित तयार झालं होतं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याची पानं संगणकावर मोठी करून पाहता येतात. लॅटिन अक्षरं ठसठशीत, गोलसर, नक्षीदार. आणि दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत, प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर, बारीक अक्षरात त्याचा इंग्रजी अर्थ. दहाव्या शतकात अल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने तो लिहिला. टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं इंग्रजी शुभवर्तमान हेच. त्याला स्वतःचं पान नाही, ओळींमधल्या फटीत त्याचा संसार आहे. मी ती पानं पुष्कळदा पाहते. अल्ड्रेडला त्या सुंदर पुस्तकावर हात चालवण्याचं धाडस कसं झालं असेल, हा प्रश्न मला पडतो आणि त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

मग १०६६ आलं. हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरल्ड पडला, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम गादीवर बसला आणि त्याच्याबरोबर आलेल्या सरदारांची फ्रेंच ही दरबाराची, गढ्यांची आणि बड्या लोकांची भाषा झाली. लॅटिन चर्चमध्ये आणि दस्तऐवजांत होतीच. इंग्रजीला सरकारी कागदावर जागा उरली नाही.

तिची ती पडझड एका पुस्तकात डोळ्यांसमोर घडताना दिसते. पीटरबरोच्या मठाला १११६ साली आग लागली. त्यानंतर भिक्षूंनी जुन्या बखरीची दुसरीकडची प्रत आणून नकलून काढली आणि पुढे आपल्या नोंदी घालत गेले. नकललेला भाग जुन्या, घोटीव, विभक्त्यांनी नटलेल्या इंग्रजीत आहे. नव्या नोंदी येतात तशी भाषा उसवत जाते: प्रत्यय गळतात, लिंगं डळमळतात, फ्रेंच शब्द डोकावतात. लिहिणाऱ्याला जुनं वळण शिकवणारं कुणी उरलेलं नाही हे कळतं. आणि तरीही ११३७ सालाच्या नोंदीत, स्टीफन राजाच्या अंदाधुंदीत सरदारांनी गढ्या बांधून रयतेला कसं पिळलं ते सांगताना, हा भिक्षू असं गद्य लिहितो की अंगावर काटा येतो. लोक उघड बोलत होते, तो लिहितो, की ख्रिस्त आणि त्याचे संत झोपी गेले आहेत. बखर ११५४ साली थांबते. त्यानंतर इंग्रजीत असं सलग इतिहासलेखन बराच काळ कुणी केलं नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॉस्टरच्या रॉबर्टने पद्यात इंग्लंडचा इतिहास लिहिला. त्यात तो म्हणतो की फ्रेंच येत नसेल तर माणसाला लोक फारसं मोजत नाहीत. पण खालचे लोक अजून इंग्रजीला आणि आपल्या बोलीला धरून आहेत. पुढे तो म्हणतो, आपली भाषा न धरणारा देश साऱ्या जगात इंग्लंडशिवाय दुसरा नसावा.

आमच्या शाळेत पाचवीची एक तुकडी बंद झाली. त्या वर्षी मुलाचा दाखला न्यायला आलेल्या एका वडिलांना मी विचारलं, पोरगं चांगलं शिकत होतं, मग का नेताय? ते म्हणाले, "बाई, इंग्रजी आल्याशिवाय आज माणसाला कोण विचारतंय?" त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतं. गवंडीकाम करणारा माणूस. साहेब लोक एकमेकांत इंग्रजीत बोलतात आणि आपल्या कामाबद्दल काय ठरलं ते आपल्यालाच कळत नाही, हे त्यांनी भोगलेलं होतं. रॉबर्टच्या त्या ओळी मी वाचल्या तेव्हा मला हेच गृहस्थ आठवले. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एखाद्या गवंड्याने फ्रेंचबद्दल हेच म्हटलं असेल, आणि तेही खोटं नसेल.

रॅनल्फ हिग्डन या भिक्षूने चौदाव्या शतकात लॅटिनमध्ये जगाचा इतिहास लिहिला. त्यात इंग्रजी का खालावली याची दोन कारणं तो देतो. पहिलं, इतर सगळ्या देशांच्या रीतीविरुद्ध इथल्या मुलांना शाळेत आपली भाषा सोडून फ्रेंचमधून धडे समजून घ्यावे लागतात. दुसरं, उमरावांची मुलं पाळण्यात असल्यापासून फ्रेंच शिकतात आणि ती पाहून खेड्यातले लोकही आपल्याला मान मिळावा म्हणून फ्रेंच बोलायची धडपड करतात. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

जॉन ट्रेव्हिसा या इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडच्या कॉर्नवॉलच्या धर्मगुरूने हिग्डनच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. या जागी आल्यावर त्याने भाषांतर थांबवून स्वतःची भर घातली, आणि ती भर म्हणजे इंग्रजीच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता परिच्छेद. तो म्हणतो, ही रीत मोठ्या मरीच्या, म्हणजे प्लेगच्या, आधी होती, आता बदलली आहे. जॉन कॉर्नवॉल नावाच्या व्याकरणाच्या शिक्षकाने वर्गात फ्रेंचच्या जागी इंग्रजी आणली. रिचर्ड पेनक्रिच त्याच्याकडून शिकला, आणखी लोक पेनक्रिचकडून शिकले, आणि आता १३८५ साली इंग्लंडच्या सगळ्या व्याकरणशाळांत मुलं इंग्रजीतून लॅटिन शिकतात. मग ट्रेव्हिसा नफा-तोटा मांडतो. नफा हा की मुलं पूर्वीपेक्षा कमी वेळात व्याकरण शिकतात. तोटा हा की आता त्यांना त्यांच्या डाव्या टाचेला येतं तेवढंच फ्रेंच येतं, आणि समुद्र ओलांडून परदेशी जायची वेळ आली तर ते नुकसानीचं आहे.

किती प्रामाणिक माणूस! माध्यमाच्या वादात आजही कुणी असा दोन्ही बाजूंचा हिशोब मांडत नाही. आणि बदल कुणी केला ते पाहा. राजाने फर्मान काढलं नाही. १३४८-४९च्या प्लेगने माणसं मारली, फ्रेंच जाणणारे शिक्षकही त्यात गेले असणार, आणि उरलेल्यांतल्या एका मास्तरने आपल्या वर्गात वेगळ्या रीतीने शिकवायला सुरुवात केली. त्या मास्तरचं नाव ट्रेव्हिसाने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

प्लेगने आणखीही एक केलं. मजूर कमी झाले, त्यांची मजुरी वाढली, त्यांचं वजन वाढलं, आणि ते इंग्रजी बोलत होते. १३६२ साली कायदा झाला की न्यायालयात युक्तिवाद इंग्रजीतून व्हावेत, कारण फ्रेंच लोकांना कळत नाही आणि आपल्यावर कोणता आरोप आहे तेच त्यांना समजत नाही. त्या कायद्याचा मजकूर मात्र फ्रेंचमध्ये आहे. कारकुनांना लिहिता येत होतं ते तेच. कवी चॉसर याच काळातला. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबत नाही. मला लंडनच्या बिअर बनवणाऱ्यांबद्दल सांगायचंय. १४२२ साली त्यांच्या संघाने आपल्या नोंदी इंग्रजीत ठेवायचं ठरवलं. कारण लिहून ठेवलंय: पाचव्या हेन्री राजाने आपल्या पत्रांत इंग्रजी आणली आहे, आणि आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी लिहितावाचता येतं, लॅटिन आणि फ्रेंच येत नाही. वर्गणी, दंड, मेजवानीचा खर्च यांच्या वह्या इंग्रजीत आल्या. माझ्या मते इंग्रजी जगली ती अशा ठिकाणी. फ्रेंच शब्द तिच्यात हजारोंनी शिरले होते, न्याय, सरकार, धर्म, स्वयंपाकघर, कुठलंही दालन सुटलं नव्हतं, आणि त्याने ती मेली नाही. आमच्याकडे एखाद्या शब्दाला परका ठरवून हाकलण्यात जी शक्ती जाते ती मला वाया गेलेली वाटते. भाषा धोक्यात येते ती हिशोबाच्या वहीतून, कोर्टातून आणि शाळेतून उठते तेव्हा.

कॅक्स्टन आला तो या सगळ्यानंतर. वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीने त्याला काही जुने इंग्रजी कागद दाखवले, ते त्याला वाचताच आले नाहीत. इंग्रजीपेक्षा ते डचसारखे दिसतात, असं तो म्हणतो. आपल्याच भाषेचे जुने कागद! छपाईमुळे शब्दांची लेखी रूपं हळूहळू पक्की होत गेली, पण नेमक्या त्याच शतकांत उच्चार सरकत होते. चॉसरच्या तोंडी 'नेम' हा शब्द जवळजवळ आपल्या 'नाम'सारखा होता, 'टाइम' 'टीम'सारखा, 'हाउस' 'हूस'सारखा. स्वर बदलले, अक्षरं जागीच राहिली. 'नी' म्हणजे गुडघा, त्याच्या सुरुवातीचा 'के' तेव्हा स्पष्ट उच्चारला जायचा. वर्गात मुलं विचारतात, बाई, बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? मी त्यांना 'आजानुबाहू' शब्द फळ्यावर लिहून दाखवते. संस्कृतातला जानु आणि इंग्रजीतला तो गुडघा एकाच घराण्यातले, आणि जानुमधल्या 'ज'चं नातं त्या न बोलल्या जाणाऱ्या 'के'शी आहे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्या दिवशी स्पेलिंग विसरत नाहीत.

संस्कृत आणि युरोपातल्या भाषांचं हे नातं कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ साली जाहीर केलं असं आपण शिकतो. त्याच्या दोनशे वर्षं आधी एका इंग्रजाला भारतीय भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी वाटली होती, आणि तो माणूस आपल्या अगदी जवळचा आहे. थॉमस स्टीफन्स, विल्टशरमध्ये १५४९च्या सुमारास जन्मलेला जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इकडेच राहिला. हे निरीक्षण त्याने १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात आहे. त्याने इंग्लंड सोडलं तेव्हा इंग्रजीची पत काय होती? जॉन फ्लोरिओने १५७८च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की ही भाषा इंग्लंडमध्ये कामाची, पण डोव्हर ओलांडलं की तिची किंमत शून्य. अशा भाषेतून आलेल्या स्टीफन्सने मराठीत हजारो ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. हरळांमध्ये (खड्यांमध्ये) रत्नकिळा तशी भाषांमध्ये मराठी, असं तो त्यात म्हणतो. ते गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली छापलं गेलं, शेक्सपिअर वारला त्या वर्षी.

स्टीफन्स जन्मला त्याच सुमारास, १५४९ साली, कॉर्नवॉलमध्ये बंड झालं. चर्चमध्ये लॅटिनच्या जागी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं होतं. आमच्यातल्या काहींना इंग्रजी कळत नाही, आम्ही ही नवी इंग्रजी पूर्णपणे नाकारतो, असं बंडखोरांनी लिहून दिलं. हजारो माणसं मारली गेली. वेल्समध्ये १५३६च्या कायद्याने इंग्रजी न वापरणाऱ्याला सरकारी पद बंद झालं होतं. तीनशे वर्षं फ्रेंचच्या हाताखाली काढलेल्या भाषेने सत्ता हाती येताच शेजारच्या भाषांशी हेच केलं. ट्रेव्हिसा कॉर्नवॉलचा होता हे मला इथे फार बोचतं. त्याच्या गावाकडची कॉर्निश अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या बोलण्यातून गेली.

आणि मग १८३५, भारतात इंग्रजीतून शिक्षण द्यावं असं सांगणारं मॅकॉले या इंग्रज अधिकाऱ्याचं टिपण. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक कपाट भारत-अरबस्तानच्या साऱ्या साहित्याच्या तोडीचं आहे, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याचा खरा युक्तिवाद मात्र इंग्रजीच्या इतिहासाचा आहे. थॉमस मोर आणि ॲस्कम या सोळाव्या शतकातल्या इंग्रज विद्वानांच्या काळातल्या लोकांना ग्रीक आणि लॅटिन जशी होती, तशी भारतीयांना आमची भाषा आहे, असं तो म्हणतो. आमच्या पूर्वजांनी ग्रीक-लॅटिनकडे पाठ फिरवली असती तर इंग्लंड आज जिथे आहे तिथे असता का?

त्याने ज्याचं नाव घेतलं तो रॉजर ॲस्कम केंब्रिजचा विद्वान आणि राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक होता. १५४५ साली त्याने तिरंदाजीवर पुस्तक लिहिलं. ग्रीकमध्ये किंवा लॅटिनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि माझ्या अभ्यासालाही शोभलं असतं, असं तो प्रस्तावनेत सांगतो. इंग्रजीत चांगलं लेखन फारसं नाही अशी तक्रारही करतो. आणि तरी हा इंग्रजी विषय आपण इंग्रजी भाषेत, इंग्रज माणसांसाठी लिहिला आहे, असं स्पष्ट म्हणतो. ग्रीक-लॅटिन शिकलेल्यांनी ते ज्ञान आपल्या लोकांच्या भाषेत उतरवलं, हा इतिहासाचा दुसरा अर्धा भाग. मॅकॉलेने तो सांगितला नाही.

मुंबईत १८४७ साली जगन्नाथ शंकरशेट शिक्षण मंडळात इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरणारे मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा ते हाच अर्धा भाग मागत होते. पश्चिम भारतातल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान न्यायचं तर ते त्यांच्या भाषेतून न्यावं, असं त्यांचं म्हणणं. कर्नल जर्विस हा इंग्रज त्यांच्या बाजूने होता.

त्या गवंड्याच्या मुलाला इंग्रजी यायलाच हवी आणि ती मी मन लावून शिकवणार. पण तो दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकला असता, तर अकरावीत प्रकाशाचं अपवर्तन त्याच्यासमोर एकदम परक्या भाषेत येऊन उभं राहिलं असतं. आमच्या शाळेतून गेलेली हुशार मुलं त्या वर्षी कशी गप्प होतात ते मी पाहिलंय. अकरावीच्या भौतिकशास्त्राचं, वाचताना मजा येईल असं मराठी पुस्तक मला हवंय. ते ज्याला इंग्रजीत लिहिणं सोपं जाईल अशाच कुणीतरी लिहायला हवं.